एकाच बॅगेची झडती

हॉलमधले दिवे लागले तेव्हा सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एक सोडून.

शेवटून दुसऱ्या रांगेत, उजव्या भिंतीला लागून, एमेट रीस बसला होता. मान पुढे कलंडलेली. कोटाच्या आतल्या राखाडी स्वेटशर्टची टोपी डोक्यावर ओढलेली. उजव्या कानामागे टोपीला एक लहानसं भोक. मांडीवर, उजव्या हाताशी, एक जुनं रिव्हॉल्व्हर.

पडद्यावर सिनेमा चालूच होता. तो बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

ज्यून हावलिक मधल्या वाटेने वर चढत गेली. काउंटीच्या पोलिसांत तपासाचं काम ती एकटीच पाही, आणि त्यात बहुतेक चोरीला गेलेले ट्रॅक्टर नाहीतर दारू पिऊन केलेल्या मारामाऱ्या असत. नेब्रास्कातल्या डेल्विनसारख्या गावात खून फारसे होत नाहीत.

"खून नाहीच हा," शेरीफ गॉर्डन प्राय मागून म्हणाला. "देवाची कृपा समज, ज्यून. पोरगा गावाला मारायला आला होता. आयत्या वेळी कच खाल्ली आणि स्वतःलाच संपवलं. नाहीतर आज इथे मुडद्यांची रास पडली असती."

ज्यून खुर्चीपाशी थांबली. तिने वाकून पाहिलं. एमेटच्या डाव्या कानात इयरफोनचं एक बारीक बोंड होतं, गाणी ऐकायला लावतात तसं. त्याची तार गळ्यावरून खाली आली होती आणि छातीपाशी तुटली होती. तुटल्या टोकाला तांबं चमकत होतं.

"सिनेमाला येऊन कानात गाणी!" शेरीफ म्हणाला. "यावरूनच ओळख, डोकं किती ठिकाणावर होतं ते."

"तारेचं दुसरं टोक कुठेय?"

"पळापळीत तुटलं असेल. कोणाच्यातरी बुटाला चिकटून गेलं असेल."

खुर्चीखाली एक कापडी बॅग होती. आत कागदात गुंडाळलेलं सँडविच आणि लोकरीचे हातमोजे. बस्स. ज्यूनने हॉलवरून नजर फिरवली. सांडलेले पॉपकॉर्न, एक लाल मफलर, एका बाईचा बूट. शेवटच्या रांगेत, डाव्या टोकाच्या खुर्चीवर, कोणाचातरी तपकिरी कोट नीट घडी करून ठेवलेला.

माणसं बाहेर बर्फात कुडकुडत उभी होती. एमेट रीसबद्दल सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती. तो एकटा यायचा, एकटा बसायचा, हाक मारली तर उत्तर देत नसे. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका राज्यात एका माणसाने सिनेमागृहात गोळ्या झाडल्या, तेव्हापासून डेल्विनमधल्या आया या पोराला पाहून मुलांना दुसरीकडे बसवायच्या.

*

आर्लीन झेमन तिकीट खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. कोणीतरी तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली होती. अर्धं गाव तिच्या पिवळ्या बसमधून शाळेत गेलेलं, ज्यूनसुद्धा. दोन वर्षांपूर्वी आर्लीनची मुलगी क्रिस्टा दक्षिणेकडच्या एका शहरात खरेदीला गेली आणि मॉलमधल्या गोळीबारात मेली. त्यानंतर आर्लीनने बस सोडली. गावच्या प्रत्येक सभेत ती उभी राहायची आणि एकच मागणी करायची: सिनेमागृहाच्या दारात झडती घ्या, बंदूक ओळखणारं यंत्र बसवा.

सिनेमागृहाचा मालक वेन्डेल प्रोहास्का ऐकत नव्हता. "माझ्याकडे लोक घटकाभर जग विसरायला येतात," तो म्हणायचा. "दारातच अंगाला हात लावला तर विसरतील काय, कपाळ?" शेवटी तडजोड झाली. यंत्र नाही, पण निवृत्त पोस्टमास्तर ऑटो ब्लाहा दारात उभा राहून बॅगा तपासेल.

"मिसेस झेमन, बोलवेल का?" ज्यून शेजारी बसली.

"विचार ग, पोरी."

"तुम्ही कुठे बसला होता?"

"शेवटच्या रांगेत, डाव्या टोकाला. दाराजवळ. मी नेहमी तिथेच बसते."

"सिनेमा बघायला?"

"माणसं बघायला." आर्लीनने घोंगडी घट्ट ओढली. "कोणीतरी लक्ष ठेवायला हवं ना."

"काय दिसलं तुम्हाला?"

"त्याने कोटात हात घातला. काळी नळी बाहेर काढली. हात खुर्चीच्या दांडीवर टेकवला आणि ती पडद्याकडे रोखली. मी ओरडले, टाक ते! खाली टाक! दोनदा ओरडले ग. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग... मग त्याने ती स्वतःच्या डोक्याला लावली."

"तो एमेट आहे हे कळलं होतं?"

"अंधारात नुसती टोपी दिसत होती." तिने घोंगडीचा काठ मुठीत धरला. "माझ्याच बसमधला तो. पुढच्या खिडकीशी बसायचा."

समोर ऑटो ब्लाहा भिंतीला टेकून उभा होता. अंगात नुसता शर्ट, दातांवर दात आपटत होते.

"मी त्याची बॅग तपासली होती, ज्यून. देवाशपथ तपासली. कोटावरूनही हात फिरवला."

"आणि रिव्हॉल्व्हर नव्हतं?"

"असतं तर आत सोडला असता का मी?"

"म्हातारा झालायस, ऑटो," शेरीफ म्हणाला. "चुकलास. कबूल कर आणि मोकळा हो."

ऑटोच्या डोळ्यांत पाणी आलं. आर्लीन उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या दंडावर हात ठेवला.

"तुझी काही चूक नाही, ऑटो," ती म्हणाली. "खरंच नाही."

"गोळी उडाली तेव्हा कुठे होतास?" ज्यूनने विचारलं.

"आतच, मागच्या रांगेत. दार लावून आलो तेव्हा सिनेमा सुरू झाला होता. जरा डोळा लागला माझा. आवाजाने जागा झालो आणि सगळे पळाले तसा पळालो."

"घरी बंदुका आहेत तुझ्या?"

"हरणांच्या शिकारीच्या. आणि वडिलांचं एक पिस्तूल. या गावात कोणाच्या घरी नाहीत?"

वेन्डेल प्रोहास्काने सांगितलं की तो बाहेर पॉपकॉर्नच्या यंत्रापाशी होता. एकटाच. त्याला तिथे पाहिलेलं कोणी नव्हतं.

"एमेटशी तुमचं भांडण होतं?"

"लोकांचं माझ्याशी होतं. त्याला येऊ देऊ नकोस म्हणायचे. मी म्हटलं, तिकीट काढतो, गप्प बसतो, खुर्च्या फाडत नाही. अजून काय हवं?" वेन्डेल बंद दाराकडे बघत राहिला. "आता म्हणतील, बघ."

*

म्हणालेच लोक. रविवारी चर्चमध्ये वाचलेल्यांसाठी प्रार्थना झाली. एमेटचं नाव कोणी घेतलं नाही. नगरपरिषदेने झडतीच्या यंत्रासाठी तातडीची सभा बोलावली. आर्लीनच्या दाराशी शेजारणी केक आणि सूप घेऊन येऊ लागल्या. तू बरोबर होतीस, असं जो तो तिला सांगत होता.

डॉक्टर फिशरने फोन केला तेव्हा ज्यून शेरीफच्या खोलीत होती.

"कातडीला भाजल्याची खूण नाही," डॉक्टर म्हणाला. "म्हणजे नळी टेकवलेली नव्हती. हातभर अंतरावरून झाडलीय. मागून, आणि थोडी वरून."

"स्वतःवर अशी झाडता येते?"

"हात पाठीमागे नेऊन, मुरगळून, वर उचलून? प्रयत्न करून बघ."

शेरीफने खांदे उडवले. "तरुण पोर होतं. तरुणांचे हात कुठेही वळतात. त्याच्या हातावर बंदुकीच्या दारूचे कण सापडलेत, ज्यून."

"इतक्या जवळून बार उडाला तर शेजारच्या खुर्चीवरही सापडतील."

"रिव्हॉल्व्हरवर दुसऱ्या कोणाचे ठसे आहेत?"

"कोणाचेच नाहीत. त्याचेही नाहीत. सगळं पुसट. ज्याने धरलं त्याच्या हातात मोजे होते. एमेटचे मोजे बॅगेत होते, शेरीफ."

शेरीफ खिडकीशी गेला. "गाव आत्ता कुठे झोपायला लागलंय," तो म्हणाला. "सांभाळून."

*

नोरीन रीस धान्याच्या कोठारांमागच्या भाड्याच्या घरात राहायची आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिला तिथून निरोप आला होता, काही दिवस येऊ नका.

"तुम्हीही तेच विचारणार ना," ती दारातच म्हणाली, "की कसा वाढवला?"

"नाही. तो कसा होता ते विचारायचंय."

नोरीन बाजूला झाली. आत टीव्ही चालू होता, आवाज बंद. पडद्याच्या खालच्या अंगाला पात्रांची वाक्यं अक्षरांत उमटत होती. नोरीन ज्यूनच्या अगदी समोर बसली, तोंडासमोर तोंड, आणि नको तितक्या मोठ्याने बोलू लागली.

"बंदूक आमच्या घरात नाही. त्याचा बाप शिकारीत गोळी लागून गेला, तेव्हापासून नाही. कोणीही येऊन उलथापालथ करून बघा."

"फोन कुठेय त्याचा?"

"तो काय, चार्जिंगला. त्या दिवसापासून तसाच."

ज्यूनच्या मनात ती तुटकी तार आली. फोन घरी, तर कानात गाणी येत होती कुठून?

"मिसेस रीस, तुम्हाला कमी ऐकू येतं का?"

"मला? नाही."

"मग टीव्हीवर अक्षरं कशाला? आणि इतक्या मोठ्याने का बोलता?"

नोरीन थबकली. आपण ओरडून बोलतोय हे तिला बहुधा आत्ताच कळलं. तिने तोंडावर हात धरला.

"सवय झाली," ती हळू आवाजात म्हणाली. "एमेटसाठी. त्याचे कान जात चालले होते. एक तर गेलाच होता. कोणाला सांगू नकोस म्हणायचा. तो कामाला होता त्या कोठारात यंत्रांचे भोंगे असतात. ते ऐकू येत नाहीत असं कळलं तर मुकादम एक दिवस ठेवणार नाही."

"म्हणून तो लोकांना उत्तर देत नसे."

"त्याला हाकच ऐकू जायची नाही. लोक म्हणायचे घुम्या आहे, माजलाय. मी म्हणायचे, सांगून टाक रे. तो म्हणायचा, घुम्या म्हटलेलं परवडतं, काम गेलेलं परवडत नाही."

"मग सिनेमाला कशाला जायचा? घरी टीव्ही होता, अक्षरं होती."

"मीही तेच म्हणायचे." नोरीनच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, हसू म्हणता येणार नाही असं. "तो म्हणायचा, घरी एकट्याने हसायला कसंतरी वाटतं. तिथे सगळे हसले की हा हसायचा. जरा उशिराच. म्हणून त्याने ते बनवलं."

"काय बनवलं?"

"जुना मायक्रोफोन आणला कुठूनतरी. काळी नळी. जिकडे रोखावी तिकडचाच आवाज मोठा होऊन कानात यायचा. हात टेकवून धरावी लागायची, नाहीतर खरखर यायची. त्या शनिवारी पहिल्यांदाच घेऊन गेला होता. इतका खूश होता!"

ज्यूनने वही मिटली. पुढचं काही लिहून घ्यायची गरज नव्हती.

*

ऑटो ब्लाहा स्वतःच पोलीस ठाण्यात आला.

"माझा कोट मिळेल का परत? तपकिरी. एकच आहे धड."

"कुठे ठेवला होतास?"

"शेवटच्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर. डाव्या. शेजारच्या खुर्चीवर मी बसलो."

ज्यूनने कोट आणून दिला. "ऑटो, एमेटच्या बॅगेत काय काय होतं? आठवून सांग."

"सँडविच. हातमोजे. आणि एक टॉर्च. काळा, लांबट, त्याला वायर गुंडाळलेली. मी विचारलं काय रे हे, तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि नुसता हसला. मी म्हटलं, जाऊ दे, टॉर्चच आहे."

"बॅगेत टॉर्च सापडला नाही."

"मी पाहिला होता, ज्यून!"

"माहितीय मला. आता सांग, कोणाकोणाच्या बॅगा तपासल्या नाहीस?"

ऑटोने मान खाली घातली. "ओळखीच्यांच्या."

"म्हणजे कोणाच्या?"

"आता शिक्षकांची कशी तपासणार? पाद्रीबाईंची? आर्लीनची तर कशी तपासणार, तिच्यामुळेच तर मी तिथे उभा होतो."

"मग कोणाची तपासलीस?"

तो कोटाचं बटण चाळवत राहिला.

"एमेटची," तो म्हणाला. "फक्त एमेटची."

*

बुधवारी सकाळी ज्यूनने सगळ्यांना सिनेमागृहात बोलावलं. शेरीफ कुरकुरत आला. वेन्डेलने सगळे दिवे लावले. नोरीन रीस पहिल्या रांगेत, पडद्याकडे पाठ करून बसली. तिला पाहून ऑटोला कुठे उभं राहावं ते कळेना.

"त्या दिवशी जो जिथे होता तिथे त्याने जावं," ज्यून म्हणाली. "मिसेस झेमन, आधी तुम्ही."

आर्लीन मधल्या वाटेने वर गेली. शेवटच्या रांगेत शिरली. डाव्या टोकाच्या खुर्चीवर बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

ऑटो तिच्या मागून चढत होता. तो रांगेशी येऊन थांबला.

"अगं आर्लीन," तो अगदी सहज म्हणाला, "तिथे तर माझा कोट होता."



"मी इथे बसलो होतो," ऑटोने शेजारची खुर्ची दाखवली. "आणि कोट तिथे. तू तिथे असतीस तर मी तुझ्या मांडीवर..." त्याचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्याच्याही लक्षात आलं.

"कोट तिथेच सापडला, घडी घातलेला," ज्यून म्हणाली. "मिसेस झेमन नेहमी तिथे बसत असतील. त्या दिवशी नव्हत्या."

शेरीफने टोपी काढली. "ज्यून, तू काय म्हणतेयस, कळतंय ना तुला?"

"कळतंय. कळू नये असं फार वाटत होतं." ती उतरून एमेटच्या खुर्चीत बसली. "एमेट इथे होता, उजव्या भिंतीशी. त्याचा उजवा हात या दांडीवर, भिंत आणि त्याचं अंग यांच्या मधे. वेन्डेल, तुम्ही डाव्या टोकावरून बघा. माझा उजवा हात दिसतो?"

"नाही."

"या खुर्चीच्या बरोबर मागे बसा. आता?"

वेन्डेल बसला. "आता दिसतो."

"मिसेस झेमनना हात दांडीवर टेकवलेलाही दिसला आणि त्यातली वस्तू पडद्याकडे रोखलेलीही दिसली. ते फक्त तिथूनच दिसतं. मागची रांग उंचावर आहे. गोळी मागून आणि थोडी वरून आली. आणि त्या काय म्हणाल्या? काळी नळी. रिव्हॉल्व्हर पाहिलेला माणूस नळी म्हणेल का? त्यांनी खरंच नळी पाहिली होती. एमेटला ऐकू येत नव्हतं. सिनेमातलं बोलणं कानात यावं म्हणून त्याने ते यंत्र बनवलं होतं. ऑटोने ते दारात हातात घेऊन पाहिलं, टॉर्च समजून परत दिलं. त्याची तार एमेटच्या कानात होती. ती तुटली, कारण कोणीतरी यंत्र हिसकावून घेतलं."

"पण ऑटोही मागेच होता," शेरीफ म्हणाला. "वेन्डेलचा तर साक्षीदारच नाही."

"ऑटोने ती वस्तू दारात पाहिली होती. तिला तो घाबरला नसता. वेन्डेल बाहेर होते की नव्हते, मला सिद्ध करता येणार नाही. पण खोटी जागा फक्त एकीनेच सांगितली." ज्यून आर्लीनकडे वळली. "त्या दिवशी तुम्ही त्याच्या मागे बसलात, कारण तुम्हाला त्याची भीती वाटत होती. पर्समध्ये रिव्हॉल्व्हर होतं. तुमची पर्स कोणी उघडलीच नाही. तुम्ही ओरडलात हे खरंय. दोनदा ओरडलात हेही खरंय. तो वळला नाही."

आर्लीन पर्सची कडी धरून बसली होती. तिने नाकारलं नाही.

"मला वाटलं, क्रिस्टाच्या मागे त्या दिवशी कोणी असतं तर," ती म्हणाली. "एखादी बाई असती मागे, पर्समध्ये काहीतरी असलेली. गेली दोन वर्षं मी तीच बाई होते, ज्यून. प्रत्येक दुकानात, प्रत्येक शनिवारी इथे. तो वळला नाही, तेव्हा मला वाटलं आता हा सुरू करणार."

"आणि नंतर?"

"सगळे पळाले. मी त्याच्या हातातलं काढून घ्यायला वाकले. ती बंदूक नव्हती." तिने पर्सची कडी सोडली. "मग माझं रिव्हॉल्व्हर त्याच्या मांडीवर ठेवलं. थंडीचे मोजे हातात होतेच. सुचलं नाही असं नाही म्हणणार मी. सगळं सुचलं. एवढ्याशा वेळात सगळं सुचलं, त्याचीच लाज वाटते."

"यंत्र कुठेय?"

"घरी. स्वयंपाकघरात. काय आहे ते कळेना म्हणून चालू केलं आणि तुटकी वायर कानाशी धरली. काहीच आलं नाही. मग कानात घालायची दुसरी वायर आणून जोडली. पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. अगदी कानाशी भुंकल्यासारखं. तेव्हा कळलं मला."

"मग का नाही आलात माझ्याकडे?"

"येणार होते. कोट घातला होता. तेवढ्यात दारावर बायका आल्या, केक घेऊन." आर्लीनने पहिल्यांदाच वर पाहिलं. "म्हणाल्या, तू बरोबर होतीस."

नोरीन पहिल्या रांगेतून उठली. हॉलच्या चढावर ती सावकाश चालत आली. शेरीफ पुढे व्हायला गेला, ज्यूनने त्याला हाताने थांबवलं.

"तुमच्या बसमध्ये होता तो," नोरीन म्हणाली.

"हो."

"नाताळच्या आधी तुम्ही सगळ्या मुलांना एकेक संत्रं द्यायचात. तो घरी आणायचा. खायचा नाही, आधी मला दाखवायचा."

आर्लीनने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ज्यूनने याआधी कधी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. नोरीन तिथेच उभी राहिली. तिने शिवी दिली नाही, हातही लावला नाही. मग ती म्हणाली, "तुमच्या मुलीचं मला फार वाईट वाटलं होतं. मी चर्चमध्ये मागे बसून रडले होते." आणि खाली निघून गेली.

शेरीफने आर्लीनला बेड्या घातल्या नाहीत. दंडाला धरून, पायऱ्या दाखवत, त्याने तिला गाडीपर्यंत नेलं.

*

झडतीच्या यंत्रासाठीची सभा पुढे ढकलली नाही. मात्र त्या संध्याकाळी कोणी ओरडून बोललं नाही. एकजण म्हणाला, आता यंत्राची काय गरज? दुसरा म्हणाला, आताच तर आहे. आर्लीनला दया दाखवा, असंही कोणी म्हणालं. वेन्डेलला विचारलं तर त्याने नुसती मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. शेवटी अध्यक्षाने, विचारू की नको असं करत, नोरीनचं मत विचारलं.

ती जागेवरूनच बोलली. "बसवा. नका बसवू. बसवलंत तर सगळ्यांना त्यातून जाऊ द्या. ओळखीच्यांनाही." आणि मग ती म्हणाली: "माझ्या मुलाची झडती झाली होती. त्याच्याकडे काही नव्हतं."

हात वर झाले. ठराव मंजूर झाला. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

एमेटच्या दफनाला अर्धं गाव आलं. पाद्रीबाईंनी क्षमा मागितली, पण कोणाची ते नीट सांगता आलं नाही. शेरीफ कबरीपाशी शेवटपर्यंत टोपी हातात घेऊन उभा राहिला. लोक नोरीनचा हात हातात घ्यायला रांगेने आले आणि ती प्रत्येकाला हात देत राहिली, कोणाचा आहे ते न बघता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेन्डेलने ज्यूनला फोन केला. नोरीन सिनेमागृहाच्या दारात उभी होती. काय करावं त्याला कळत नव्हतं.

ज्यून पोचली तेव्हा नोरीन आत, धुवायला काढून गुंडाळून ठेवलेल्या गालिच्यांच्या बाजूला बसली होती. हात मांडीवर, पर्स पायाशी.

"तो सिनेमा अजून आहे का तुमच्याकडे?" तिने वेन्डेलला विचारलं.

"आहे. परत पाठवायचाय उद्या."

"त्याने कुठपर्यंत पाहिला होता?"

वेन्डेलने ज्यूनकडे पाहिलं. "अर्ध्याच्या थोडा पुढे. घरातली सगळी माणसं लग्नाला निघतात, तिथपर्यंत."

"तिथून पुढचा दाखवाल मला?"

वेन्डेल वर प्रोजेक्टरच्या खोलीत गेला. दिवे मालवले. ज्यून दारापाशी उभी राहिली; मग तिला तसं उभं राहणं बरं वाटेना, म्हणून ती एका खुर्चीवर बसली. पडद्यावर एक जुनी मोटार माणसांनी खच्चून भरली होती, आणि एक म्हातारा टपावर चढून बसायचा हट्ट धरत होता.

नोरीन पुढे वाकून बघत होती. कोण कोणाचं कोण, तिला कसलाच अर्थ लागत नव्हता.

"हा म्हातारा कोण?" तिने विचारलं. "आणि ती मुलगी का रडतेय?"

वेन्डेल मागून आला. तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि हळू आवाजात तिला पहिला अर्धा भाग सांगू लागला.